पक्षाघाताचे जोखीम घटक

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अकस्मात खंडित झाल्याने किंवा मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याने जो विकार उद्भवतो त्यास पक्षाघात असे म्हणतात. ज्या शारीरिक, आनुवंशिक, सामाजिक अथवा पर्यावरणीय कारणांमुळे हा विकार होण्याची शक्यता वाढते, त्यांना पक्षाघाताचे जोखीम घटक म्हणतात. उच्च रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, रक्तातील मेदाचे असंतुलन, हृदयविकार, स्थूलता, व्यायामाचा अभाव, सदोष आहार, मद्यपान आणि हवेचे प्रदूषण हे त्यांपैकी प्रमुख होत. हे घटक जगभर सारखेच असले तरी त्यांचे प्रमाण, त्यांचा प्रभाव आणि त्यांवरील नियंत्रण प्रत्येक लोकसमूहात निराळे असते. त्यामुळे पक्षाघाताचा प्रकार, तो होण्याचे वय व त्यातून होणारे मृत्यू यांत देशोदेशी आणि एकाच देशातील समाजगटांतही लक्षणीय तफावत आढळते.

जागतिक रोगभार अभ्यासानुसार २०२१ साली जगात सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने पक्षाघात झाला आणि सुमारे ७३ लाख लोक त्यामुळे मृत्यू पावले. याच अभ्यासाप्रमाणे पक्षाघातामुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यापैकी सुमारे ८४ टक्के हानी बदलता येण्याजोग्या घटकांशी निगडित आहे. म्हणजेच हा विकार बव्हंशी टाळता येण्यासारखा आहे.

संज्ञा

मराठीत या विकारासाठी पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा आणि अलीकडे ब्रेन स्ट्रोक अशा संज्ञा रूढ आहेत. आयुर्वेदात चरकसंहितेत ‘पक्षवध’ व सुश्रुतसंहितेत ‘पक्षाघात’ या नावाने त्याचे वर्णन वातव्याधींमध्ये केलेले आहे. ‘पक्ष’ म्हणजे शरीराची एक बाजू; ती निकामी होते म्हणून हे नाव पडले. वास्तविक प्रत्येक रुग्णाची एक बाजू लुळी पडतेच असे नाही. केवळ वाचा जाणे, दृष्टी अंधूक होणे किंवा तोल जाणे हीदेखील पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. याउलट चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज येऊन तोंड वाकडे होते, त्यासही बोलीभाषेत लकवा म्हटले जाते. पण तो मेंदूचा पक्षाघात नव्हे.

युरोपात हिपोक्रेटिसच्या काळापासून या विकारास ‘अपोप्लेक्सी’ म्हणत. मृत्यूनंतरच्या विच्छेदनावरून त्याचा संबंध मेंदूतील रक्तस्रावाशी व रक्तवाहिन्यांतील अडथळ्याशी असल्याचे स्विस वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ मध्ये दाखवून दिले.

प्रकार

जोखीम घटकांचा विचार करताना पक्षाघाताचे प्रकार ध्यानात घेणे आवश्यक ठरते, कारण प्रत्येक प्रकाराची कारणे काहीशी भिन्न आहेत.

१. अवरोधजन्य पक्षाघात : रक्ताच्या गुठळीमुळे किंवा धमनीच्या आतील थरावर मेद साचून ती अरुंद झाल्यामुळे रक्तप्रवाह थांबतो. जगातील सुमारे ६० ते ६५ टक्के पक्षाघात या प्रकारचे असतात. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास असते.

२. मेंदूअंतर्गत रक्तस्राव : मेंदूच्या आतील बारीक धमनी फुटते. दीर्घकाळ नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब हे याचे सर्वांत मोठे कारण होय. आशिया व आफ्रिका खंडांत याचे प्रमाण अधिक आहे.

३. मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव : धमनीवरील फुगा फुटल्याने होणारा हा प्रकार तुलनेने विरळ आहे. धूम्रपान व उच्च रक्तदाब यांमुळे त्याची जोखीम वाढते.

मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी झाल्यानेही पक्षाघात होतो. त्याचे प्रमाण अल्प असले तरी तरुणांत, विशेषतः बाळंतपणानंतरच्या काळात, तो महत्त्वाचा ठरतो.

जोखमीचे मोजमाप

जोखीम दोन प्रकारे मोजली जाते. पहिल्या मापनात एखादा घटक असलेल्या व्यक्तीला तो नसलेल्या व्यक्तीच्या तुलनेत किती पट धोका आहे हे पाहतात. यास सापेक्ष जोखीम म्हणतात. दुसऱ्यात एखाद्या समाजातील एकूण पक्षाघातांपैकी किती वाटा त्या घटकामुळे घडतो हे काढतात. यास लोकसमूहातील आरोपणीय जोखीम म्हणतात.

या दोहोंतील फरक मूलभूत आहे. सिकलसेल आजारात लहान मुलाला पक्षाघात होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो; मात्र हा आजार मोजक्याच लोकांना असल्याने समाजातील एकूण पक्षाघातांत त्याचा वाटा थोडा असतो. उलट उच्च रक्तदाबामुळे वाढणारा वैयक्तिक धोका त्यामानाने कमी असला, तरी तो असंख्य लोकांना असल्यामुळे एकूण पक्षाघातांचा मोठा भाग त्याच्या वाट्याला येतो. तेव्हा एकच घटक एका देशात अग्रक्रमावर आणि दुसऱ्या देशात गौण ठरू शकतो. त्या घटकाचा शरीरावरील परिणाम दोन्हीकडे सारखा असला तरीही.

प्रमुख जोखीम घटक

न बदलता येणारे घटक

वय हा सर्वांत प्रभावी घटक होय. पंचावन्नाव्या वर्षानंतर दर दहा वर्षांनी पक्षाघाताची जोखीम साधारणतः दुप्पट होते. बहुतेक वयोगटांत पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक धोका असतो. परंतु स्त्रिया अधिक काळ जगत असल्यामुळे उतारवयात पक्षाघात झालेल्या स्त्रियांची संख्या मोठी असते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणास कमी वयात पक्षाघात झालेला असणे, जन्मतः वजन कमी असणे आणि काही आनुवंशिक विकार यांचाही समावेश या गटात होतो.

बदलता येणारे घटक

उच्च रक्तदाब हा सर्व लोकसमूहांत आणि पक्षाघाताच्या दोन्ही मुख्य प्रकारांत अग्रस्थानी असलेला घटक आहे. त्याची बहुधा कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत, त्यामुळे अनेकांना तो असल्याचे पक्षाघात झाल्यावरच कळते. वरचा रक्तदाब १० मिलिमीटरने उतरवल्यास पक्षाघाताची जोखीम सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होऊन ते थरथरत राहतात, त्या विकारास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यामुळे हृदयात रक्त साकळते व गुठळी तयार होऊन ती मेंदूकडे वाहून जाऊ शकते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून चालू असलेल्या अभ्यासात या विकारामुळे पक्षाघाताची जोखीम सुमारे पाचपट होत असल्याचे आढळले. तेथे पन्नाशीतील व्यक्तींमध्ये पक्षाघातातील या विकाराचा वाटा १.५ टक्के होता, तर ऐंशीच्या पुढील वयोगटात तो २३.५ टक्के होता.

रक्तातील मेदाचा परिणाम दुहेरी आहे. कोलेस्टेरॉल वाढल्यास अवरोधजन्य पक्षाघाताची जोखीम वाढते. परंतु अमेरिकेतील सुमारे साडेतीन लाख पुरुषांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलेस्टेरॉल अतिशय कमी आणि रक्तदाब जास्त असलेल्यांमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने होणारे मृत्यू अधिक दिसले. पूर्व आशियातील ग्रामीण भागात पूर्वी रक्तस्रावाचे प्रमाण जास्त का होते, याच्या स्पष्टीकरणात या निष्कर्षाचा आधार घेतला जातो.

याखेरीज धूम्रपान, धूरविरहित तंबाखू, मधुमेह, पोटावरील चरबी, बैठी जीवनशैली, आहारातील मिठाचे आधिक्य, फळे व भाज्यांचा अभाव, अतिरिक्त मद्यपान, मानसिक ताण, मूत्रपिंडाचे जुनाट विकार आणि हवेतील सूक्ष्म धूलिकण हे घटक सर्वमान्य आहेत. घरातील चुलीचा धूर हादेखील प्रदूषणाचाच एक प्रकार असून त्याची झळ प्रामुख्याने स्त्रियांना पोहोचते.

इंटरस्ट्रोक अभ्यास

विविध देशांतील जोखीम घटकांची एकाच पद्धतीने तुलना करणारा इंटरस्ट्रोक हा सर्वांत व्यापक अभ्यास मानला जातो. कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या लोकसंख्या आरोग्य संशोधन संस्थेने त्याचे संयोजन केले. त्याचा पहिला टप्पा २०१० मध्ये व दुसरा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या टप्प्यात भारतासह ३२ देशांतील १३,४४७ रुग्णांची तुलना जवळपास तितक्याच निरोगी व्यक्तींशी करण्यात आली. दहा घटक मिळून सुमारे ९० टक्के पक्षाघातांचे स्पष्टीकरण देतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यांपैकी काही घटकांचा आरोपणीय वाटा पुढीलप्रमाणे होता :

- उच्च रक्तदाब : ४७.९ टक्के
- शारीरिक हालचालींचा अभाव : ३५.८ टक्के
- रक्तातील मेदाचे असंतुलन : २६.८ टक्के
- सदोष आहार : २३.२ टक्के
- कंबर व नितंब यांच्या घेराचे वाढलेले गुणोत्तर : १८.६ टक्के
- मानसिक व सामाजिक ताण : १७.४ टक्के
- धूम्रपान : १२.४ टक्के
- हृदयविकार : ९.१ टक्के
- मद्यपान : ५.८ टक्के
- मधुमेह : ३.९ टक्के

एका व्यक्तीत अनेक घटक एकत्र असतात व ते परस्परांवर परिणाम करतात. म्हणून या आकड्यांची बेरीज शंभरापेक्षा अधिक भरते.

प्रदेशानुसार हे प्रमाण बरेच बदलते. पश्चिम युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया या गटात उच्च रक्तदाबाचा वाटा सुमारे ३९ टक्के, तर आग्नेय आशियात सुमारे ६० टक्के होता. एट्रियल फिब्रिलेशनचा वाटा याच्या उलट, म्हणजे दक्षिण आशियात सुमारे ३ टक्के आणि पश्चिमी देशांत सुमारे १७ टक्के, असा आढळला. पश्चिमी देशांतील रुग्ण अधिक वयस्क असणे हे या फरकाचे एक कारण होय.

लोकसमूहांनुसार भिन्नता

जपान

विसाव्या शतकाच्या मध्यास पक्षाघात हे जपानमधील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. १९५१ पासून तीन दशके ही स्थिती टिकली. ईशान्येकडील अकिता प्रांतात खारवलेल्या भाज्या, खारवलेले मासे आणि मिसो यांचा आहारात मोठा वाटा असे. १९५० च्या दशकात तेथील लोकांच्या पोटात दररोज २५ ग्रॅमच्या आसपास मीठ जात होते. त्यासोबत उच्च रक्तदाब आणि मेंदूतील रक्तस्राव यांचे प्रमाणही तेथे फार मोठे होते. रक्तदाबाची सार्वत्रिक तपासणी, मीठ कमी करण्याची लोकशिक्षण मोहीम आणि १९६१ मध्ये सर्वांना लागू झालेला आरोग्य विमा यांनंतर जपानमधील पक्षाघाताचे मृत्यू झपाट्याने घटले. फुकुओका प्रांतातील हिसायामा या गावी १९६१ पासून चालू असलेल्या अभ्यासात हा बदल बारकाईने नोंदवला गेला आहे.

स्थलांतरित जपानी लोकांचा अभ्यास या विषयात विशेष महत्त्वाचा ठरला. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या या अभ्यासात हिरोशिमा व नागासाकी, हवाईतील होनोलुलू आणि कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को परिसर येथे राहणाऱ्या जपानी वंशाच्या पुरुषांची तुलना करण्यात आली. जपानमध्ये राहणाऱ्यांत पक्षाघात अधिक, तर अमेरिकेत स्थायिक झालेल्यांत पक्षाघात कमी पण हृदयविकार अधिक असे चित्र दिसले. वंश तोच राहून देश बदलल्यावर आजार बदलला. यावरून लोकसमूहांतील फरक केवळ आनुवंशिक नसून आहार व राहणीमान यांचा त्यात मोठा भाग आहे, हे सिद्ध झाले.

चीन

जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार पंचविसाव्या वर्षानंतर उर्वरित आयुष्यात पक्षाघात होण्याची शक्यता जगात सरासरी २५ टक्के आहे. पूर्व आशियात ती सुमारे ३९ टक्के, म्हणजे सर्वाधिक आहे. चीनच्या उत्तर भागात दक्षिणेपेक्षा हे प्रमाण जास्त असून मिठाचा अधिक वापर, थंड हवामान आणि उच्च रक्तदाब ही त्याची कारणे सांगितली जातात. चिनी पुरुषांमधील धूम्रपानाचे प्रमाणही मोठे आहे.

ग्रामीण चीनमधील ६०० गावांत सुमारे २१ हजार व्यक्तींवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेले मीठ दिलेल्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. चीनच्या अनेक भागांत आहारातून फॉलिक आम्ल कमी मिळते. तेथील २० हजारांहून अधिक उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना रक्तदाबाच्या औषधासोबत फॉलिक आम्ल दिल्यावर पहिल्या पक्षाघाताची जोखीम सुमारे एक पंचमांशाने घटली, असे २०१५ मध्ये दिसून आले. ज्या देशांत पिठात फॉलिक आम्ल मिसळण्याची सक्ती आहे, तेथे असा लाभ अपेक्षिता येत नाही.

माफक मद्यपान पक्षाघातापासून रक्षण करते, हा समज पारखण्यासही चीनमधील संशोधन उपयोगी पडले. पूर्व आशियातील अनेकांना एका जनुकीय बदलामुळे मद्य सोसत नाही व ते आपोआपच कमी पितात. या नैसर्गिक भेदाचा उपयोग करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्याचे प्रमाण वाढेल तशी पक्षाघाताची जोखीमही वाढत जाते, अल्प मद्यपानाने संरक्षण मिळत नाही, असे आढळले.

अमेरिका

अमेरिकेच्या आग्नेय भागातील उत्तर व दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, आर्कान्सा व लुइझियाना या राज्यांत पक्षाघाताने होणारे मृत्यू देशाच्या इतर भागांपेक्षा अधिक आहेत. १९६० च्या दशकातच ध्यानात आलेला हा पट्टा ‘पक्षाघाताचा पट्टा’ म्हणून ओळखला जातो.

तेथील कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय नागरिकांमधील तफावत समजून घेण्यासाठी २००३ ते २००७ या काळात ३० हजारांहून अधिक व्यक्तींची नोंदणी करून ‘रिगार्ड्स’ हा अभ्यास सुरू करण्यात आला. ४५ ते ६४ या वयोगटात कृष्णवर्णीयांमधील पक्षाघाताचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या दुपटीहून अधिक असते, मात्र वार्धक्यात हे अंतर जवळजवळ नाहीसे होते. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांसारखे ज्ञात घटक आणि आर्थिक-सामाजिक स्थिती विचारात घेतल्यावर या तफावतीच्या सुमारे निम्म्या भागाचाच उलगडा होतो. वरचा रक्तदाब १० मिलिमीटरने वाढल्यास श्वेतवर्णीयांमध्ये पक्षाघाताची जोखीम ८ टक्क्यांनी, तर कृष्णवर्णीयांमध्ये २४ टक्क्यांनी वाढते, असेही या अभ्यासात दिसले. रक्तदाब किती वर्षे अनियंत्रित राहिला, औषधोपचार कितपत मिळाले, बालपण कोठे व कसे गेले आणि भेदभावातून येणारा ताण किती, या बाबींकडे संशोधक उर्वरित तफावतीच्या संदर्भात लक्ष वेधतात.

आफ्रिका

घाना व नायजेरिया येथील २,११८ रुग्णांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सायरन’ अभ्यासात उच्च रक्तदाबाचा आरोपणीय वाटा ९० टक्क्यांच्या आसपास निघाला. हिरव्या पालेभाज्या न खाणे आणि ताटात वरून मीठ घेणे हेही स्वतंत्र घटक म्हणून पुढे आले. आफ्रिकेतील रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण असतात आणि त्यांच्यात रक्तस्रावाचे प्रमाण अधिक असते. एचआयव्हीचा संसर्ग व सिकलसेल आजार हे तेथील तरुण व बालरुग्णांतील विशेष घटक होत.

पूर्व आफ्रिकेत आयुष्यभरातील पक्षाघाताची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे जगात सर्वांत कमी आहे. मात्र यावरून तेथे जोखीम घटक कमी आहेत असा अर्थ काढता येत नाही. पक्षाघाताच्या वयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच इतर कारणांनी मृत्यू ओढवण्याची शक्यता तेथे अधिक असल्यामुळेही हा आकडा कमी दिसतो.

युरोप व न्यूझीलंड

पूर्व व मध्य युरोपात पक्षाघाताचे प्रमाण पश्चिम युरोपापेक्षा बरेच अधिक आहे. अनियंत्रित रक्तदाब, पुरुषांमधील धूम्रपान आणि रशियासारख्या देशांत अतिरिक्त मद्यपान ही त्याची प्रमुख कारणे होत. लंडनच्या दक्षिण भागात १९९५ पासून ठेवल्या जाणाऱ्या नोंदींनुसार आफ्रिकी व कॅरिबियन वंशाच्या नागरिकांना श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक प्रमाणात आणि कमी वयात पक्षाघात होतो. न्यूझीलंडमधील माओरी व प्रशांत बेटांवरील लोकांनाही युरोपीय वंशाच्या लोकांच्या मानाने साधारण १० ते १५ वर्षे आधी पक्षाघात होत असल्याचे ऑकलंड येथील अभ्यासांत आढळले आहे.

दक्षिण आशिया व भारत

भारतासह दक्षिण आशियात पक्षाघात तुलनेने लवकरच्या वयात, कुटुंबाचा कर्ता माणूस कमावता असतानाच, गाठतो. याच्या मुळाशी अनेक कारणे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात १० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचे व ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे असे सुचवते. भारतीयांच्या आहारातील मीठ याच्या सुमारे दुप्पट आहे.

भारतीयांमध्ये वजन फारसे नसतानाही पोटाभोवती चरबी साठते. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा १९९३ पासून जो अभ्यास केला, त्यात येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी व कृश, तरीही चरबीच्या बाबतीत तितकीशी मागे नसलेली, अशी आढळली. गर्भावस्थेतील कुपोषण आणि पुढील आयुष्यातील मधुमेह यांचा संबंध त्यातून स्पष्ट होतो. यामुळेच भारतीयांसाठी स्थूलतेचे निकष कडक ठेवलेले आहेत. बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेल्यास जास्त वजन मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सुचवले जाते. ब्रिटनसारख्या देशांत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांतही मधुमेहाचे प्रमाण स्थानिकांपेक्षा अधिक आहे.

बालपणीच्या घशाच्या संसर्गातून उद्भवणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा निकामी करतो. श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार झालेला हा आजार भारतात अजून आढळतो आणि तरुण स्त्री-पुरुषांतील पक्षाघाताचे कारण ठरतो.

महाराष्ट्र

मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या लोकसंख्याधारित पाहणीत पक्षाघाताचे वार्षिक प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे १४५ इतके आढळले.

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे हा समज गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यासाने खोटा ठरवला. ‘सर्च’ या संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे घरोघरी जाऊन तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण होते. यांपैकी बहुतांश रुग्णांचा मृत्यू रुग्णालयात नव्हे तर राहत्या घरी झाला होता. रुग्णालयातील नोंदींवर विसंबणाऱ्या अभ्यासांतून असे रुग्ण सर्वस्वी निसटतात.

तंबाखूच्या बाबतीत महाराष्ट्राचे चित्र पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करतात. विदर्भातील खर्रा, सर्वत्र प्रचलित असलेला तंबाखू-चुना व गुटखा आणि स्त्रियांमधील मिश्री ही त्याची रूपे होत. अशा तंबाखूने पक्षाघाताने मृत्यू येण्याची जोखीम वाढते, असे आशियातील अभ्यासांवरून दिसते. ‘सिगारेट ओढता काय’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्या प्रश्नावलीत ही जोखीम नोंदलीच जात नाही.

विदर्भ आणि नंदुरबारसह उत्तर महाराष्ट्रातील आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल आजार आढळतो. या आजारात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन मेंदूच्या धमन्यांना इजा करतात. अमेरिकेतील अनुभवानुसार उपचार न मिळाल्यास अशा सुमारे ११ टक्के रुग्णांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होतो. धमन्यांतील रक्तप्रवाहाचा वेग डॉपलर तपासणीने मोजून धोक्यातील मुलांना नियमित रक्त दिल्यास ही जोखीम ९० टक्क्यांहून अधिक घटते, असे १९९८ मध्ये तेथील चाचणीत सिद्ध झाले. भारतात आढळणारा सिकलसेलचा प्रकार बहुधा सौम्य मानला जातो. तथापि गंभीर रुग्णही दिसतात. या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली.

स्त्रियांमधील विशेष घटक

गर्भारपणातील उच्च रक्तदाब, बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, संततिनियमनाच्या संप्रेरकयुक्त गोळ्या आणि डोळ्यांपुढे प्रकाशरेषा दिसून सुरू होणारी अर्धशिशी हे स्त्रियांमधील विशेष घटक होत. गोळ्या, अर्धशिशी आणि धूम्रपान एकत्र आल्यास जोखीम कितीतरी वाढते. गर्भारपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रीचा धोका प्रसूतीबरोबर संपत नाही. पुढील आयुष्यातही तिला पक्षाघाताची शक्यता अधिक असते. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके दिल्यास हृदय व मेंदूचे रक्षण होईल, अशी पूर्वी अपेक्षा होती. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या चाचणीत उलट पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले व चाचणीचा तो भाग थांबवावा लागला.

आनुवंशिक घटक

धमनी कोठे अरुंद होते, यातही लोकसमूहांनुसार फरक आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत मानेतील कॅरोटिड धमनी, तर पूर्व व दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत कवटीच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण अधिक असते. जपान व कोरियात आढळणारा आरएनएफ-२१३ या जनुकातील बदल मोयामोया या विकाराशी व कवटीतील धमन्या अरुंद होण्याशी निगडित असल्याचे २०११ पासून पुढे आले. नॉच-३ या जनुकातील बदलामुळे कमी वयातच मेंदूच्या बारीक धमन्या निकामी होतात.

असे एकाच जनुकाचे विकार मोजके आहेत. सर्वसाधारण पक्षाघातामागे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १ लाख १० हजारांवर रुग्णांच्या जनुकांची छाननी होऊन पक्षाघाताशी संबंधित ८९ स्थाने निश्चित झाली. या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश युरोपेतर वंशांचे होते.

अभ्यासाच्या मर्यादा

लोकसमूहांची तुलना करताना काही अडचणी येतात. सीटी स्कॅनशिवाय अवरोध व रक्तस्राव यांत खात्रीने भेद करता येत नाही आणि ही सोय अनेक ग्रामीण भागांत नाही. रुग्णालयापर्यंत पोहोचणारे रुग्ण हे सर्व रुग्णांचे प्रतिनिधी नसतात. ठोक्यांची अनियमितता शोधण्यासाठी ईसीजी वारंवार काढावा लागतो. जेथे तो काढला जात नाही तेथे एट्रियल फिब्रिलेशन कमी असल्याचे भासते.

जोखीम वर्तवण्याची प्रचलित कोष्टके बहुतांशी फ्रेमिंगहॅमसारख्या, मुख्यत्वे श्वेतवर्णीय समाजाच्या माहितीवर बेतलेली आहेत. इतर समाजांत ती जशीच्या तशी वापरल्यास अंदाज चुकू शकतो. तसेच ‘वंश’ हा बव्हंशी सामाजिक वर्ग असून त्यामागे उत्पन्न, शिक्षण, वस्ती व आरोग्यसेवा यांतील विषमता दडलेली असते. त्यामुळे दोन गटांतील प्रत्येक फरक जैविक आहे असे गृहीत धरणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नाही.

प्रतिबंध

रक्तदाब नियमित मोजणे व औषधे अखंड चालू ठेवणे हा सर्व समाजांना लागू पडणारा सर्वांत परिणामकारक उपाय होय. भारतात उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला असून आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासणी करणे, ठरावीक औषधे विनामूल्य देणे आणि रुग्ण पुन्हा येतो की नाही यावर लक्ष ठेवणे हे त्याचे स्वरूप आहे.

तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे, फळे व पालेभाज्या खाणे, नियमित चालणे आणि मधुमेहावर नियंत्रण ठेवणे हे इतर उपाय होत. लोणची, पापड, फरसाण आणि वेष्टनबंद पदार्थ यांतून नकळत बरेच मीठ पोटात जाते. पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना अपायकारक ठरू शकते, म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे लागते. झडपांच्या संधिवातजन्य विकारासह एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांत रक्त पातळ करणारे जुने औषध नव्या औषधापेक्षा सरस ठरल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. युरोपीय रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष सर्वत्र लागू पडतोच असे नाही, याचे हे एक उदाहरण होय.

चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात उचलता न येणे आणि बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची मुख्य लक्षणे आहेत. अवरोधजन्य पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यामुळे रुग्णास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ नेणे आवश्यक असते. या विकाराविषयी जागृती व्हावी म्हणून २९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक पक्षाघात दिन म्हणून पाळला जातो.

हे सुद्धा पहा

- पक्षाघात
- उच्च रक्तदाब
- मधुमेह
- सिकलसेल आजार
- एट्रियल फिब्रिलेशन
- साथरोगशास्त्र